टाकीवरचा हिरवा रंग

डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतो, हे तुम्ही कशावरून ठरवता?

मी सैन्यात वाहन मिस्तरी होतो. वडील सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर कामाला होते. नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात पूर आला आणि आमची तुकडी मदतीसाठी सुरतेत आली. हजिरा रोडवरच्या एका शाळेच्या मैदानात छावणी पडली. आमचा सगळ्यात जुना तीन टनी ट्रक लान्स नायक भास्कर चालवायचा. तो चाळीसगावकडचा आणि आमच्या घरचीही बोली तीच, त्यामुळे आम्ही दोघे अहिराणीत बोलायचो.

फर्स्ट परेड, म्हणजे गाड्यांची रोजची तपासणी, पहाटे साडेपाचला. ऑइल, पाणी, टायरची हवा. भास्कर टाकीचं झाकण उघडून आत खुणा केलेली कडुनिंबाची काठी बुडवायचा.

"भाऊ, ट्रक शे का बैलगाडी?" मी चिडवायचो.

"काटा साहेबना शे," तो म्हणायचा. "काठी मनी शे."

पुराच्या महिनाभर आधी युनिटचं इन्स्पेक्शन झालं होतं. या ट्रकचा काटा बंद होता. मी टाकीतला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून काटा हलवणारा गोळा, काढला, साफ केला, परत बसवला. काटा चालू लागला. इन्स्पेक्शनसाठी सगळ्या गाड्या हिरव्या रंगवायच्या होत्या. टाकी मीच खोलून रंगवली आणि परत जोडली. सुभेदार साहेबांना केबिनमध्ये काठी दिसली.

"ये लकडी लिस्ट में है? नहीं है. बाहर!"

भास्करने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काटा नीट केलाय मी. टाक ती." त्याने टाकली. गाडी ठीक असल्याच्या कागदावर मी सही केली.

सुरतेतल्या तिसऱ्या दिवशी डिझेल कमी पडलं. कुणाला किती द्यायचं ते काट्यावरून ठरलं. आमचा काटा अर्ध्याच्या वर होता. आम्हाला डिझेल मिळालं नाही. आमचा राखीव कॅनही छावणीच्या जनरेटरला गेला.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर हुकूम आला. इच्छापोरला एका कारखान्याच्या शेडमध्ये कामगार अडकलेत. दोन ट्रक निघाले. आम्ही एकतीस माणसं चढवली, त्यांत दोन बाळंतिणी होत्या. परतताना एक पन्नासला रस्त्याच्या खोलगट भागात आमचं इंजिन बंद पडलं. पाणी चाकाच्या मधोमध होतं आणि चढत होतं. पुढचा ट्रक शंभर पावलांवर उंचवट्यावर पोचला होता. मी टाकीवर हाताने ठोकलं. आवाज पोकळ आला. मी रेडिओ उचलला.

"टँगो चार. डिझेल संपलं. ओव्हर."

"टँगो चार, काटा काय सांगतो? ओव्हर."

"अर्ध्याच्या वर. ओव्हर."

मग पुढच्या ट्रकमधून आवाज आला.

"कॅन आमच्याकडे आहे. आम्ही खाली आलो तर आम्हीही अडकू. माणूस पाठवा. ओव्हर."

भास्करने कमरेला दोर बांधला. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "डिझेल आल्यावर इंजिनमधली हवा कोण काढणार? तूच ना? मग थांब. माले पव्हता येस."

तो गेला. कॅन घेऊन परत फिरला. आमच्यापासून वीस पावलांवर त्याचा पाय रस्त्याकडेच्या नाल्यात गेला. ओढ जोराची होती. कॅन हातातून सुटत होता. त्याने कमरेचा दोर सोडला आणि कॅनच्या मुठीला बांधला. मी ओरडलो. मग दोर ओढला. कॅन आला.

मी डिझेल ओतलं, नळीत शिरलेली हवा काढली. दोन पस्तीसला इंजिन सुरू झालं. एकतीस माणसं शाळेत उतरली. भास्कर दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीच्या काटवणात सापडला.

त्याच दिवशी मी गाडी तपासली. टाकीवरची तार काढली, काटा थेट 'फुल'वर गेला. तीच तार चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला लावली, काटा शून्यावर आला. म्हणजे काटा ठीक, तार ठीक. फ्लोटही ठीक. मग फ्लोटची चकती एका वेगळ्या तारेने चेसिसला जोडली. काटा झपकन खाली येऊन उरलेलं डिझेल दाखवू लागला. दोष अर्थमध्ये, म्हणजे वीज चेसिसमध्ये परत नेणाऱ्या जोडात होता. मी अर्थचा स्क्रू खोलला. खाली हिरवा रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी स्क्रूच्या आट्यांतून वीज गेली आणि काम भागलं. नंतर पाण्याने आटे गंजले आणि काटा जास्त दाखवू लागला.

सुभेदार साहेब म्हणाले, "गाड़ी पुरानी थी. वही लिख."

मी लिहिलं: रंग मी मारला, स्क्रूखालचा रंग खरवडला नाही, सही माझी आहे. साहेबांनी कागद वाचला आणि पुढे पाठवला. मला शिक्षा झाली. ती कमी होती असं मी आजही म्हणतो. जुनी गाडी कुणाला मारत नाही. पाहुण्यांसाठी मारलेला रंग मारतो.

लिंबायत-डिंडोलीत टेंपो, लूम, मोटारी दुरुस्त करणाऱ्या भावांनो, एक काम करा. साहेब येणार म्हणून जे रंगवलंत, त्याचा अर्थचा स्क्रू आजच खोला. पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडा. तार लावून काटा हलतो का ते स्वतः बघा. त्यानंतरच सही करा. आणि कुणी घाई केली तर त्याला लान्स नायक भास्करचं नाव सांगा.