इफ-एल्सच्या दिवशी

"उभी राहा," सर म्हणाले. "आज तू आमचं इनपुट."

मी उभी राहिले. सरांनी सांगितलं की उभं राहायचं, एवढंच कळत होतं तेव्हा.

नवीन पनवेलला औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सरांचा क्लास होता. मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते. कॉलेजात जावा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, कुणी धड शिकवत नव्हतं, म्हणून सगळी पोरं सरांकडे यायची. सर शिकवायचे चांगले. हे सांगायलाच हवं. वाईट शिकवत असते तर सोपं झालं असतं, क्लास सोडून दिला असता आणि विषय संपला असता.

त्यांची एक पद्धत होती. प्रोग्रॅम फळ्यावर लिहायचा आणि मुलांकडून चालवून घ्यायचा. जमिनीवर खडूने रेघ मारायची. रेघेच्या एका बाजूला इफ, म्हणजे 'जर', दुसऱ्या बाजूला एल्स, म्हणजे 'नाहीतर'. एका मुलाला उभं करायचं, तो इनपुट. सर अट वाचणार. अट खरी ठरली तर मुलाने इफच्या बाजूला जायचं, खोटी ठरली तर एल्सच्या. नवीन पोरांना हे एकदम डोक्यात बसायचं. मलाही बसलं होतं.

त्या दिवशी फळ्यावर अॅडमिशनची अट होती. कास्ट सर्टिफिकेट आहे. मग दोन उभ्या रेघा. मग मार्क्स पंच्याऐंशीच्या वर. जावामध्ये दोन उभ्या रेघा म्हणजे 'किंवा'. दोन्हीतलं एक खरं असलं तरी काम होतं.

"सर्टिफिकेट आहे?" सरांनी विचारलं. सगळ्यांसमोर.

"आहे."

"मग जा. इफमध्ये जा."

मी रेघ ओलांडली.

"आता सांगा, जावाने हिचे मार्क्स बघितले का?"

"नाही सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"करेक्ट. पहिली अट खरी निघाली की दुसरी बघायचीच नाही. याला शॉर्ट सर्किट म्हणतात. मार्क्स बिचारे बाहेर बसून राहिले."

वर्ग हसला. खो खो नाही, पण हसला.

"सर, मला सत्त्याऐंशी आहेत," मी म्हणाले.

"तुला विचारलं का कुणी? तोच तर पॉइंट आहे."

आता मात्र खो खो हसले. माझी बाकावरची मैत्रीण तोंडावर हात ठेवून हसत होती. मी पलीकडे उभी. सर मला बस म्हणायला विसरले आणि पुढचा प्रोग्रॅम लिहायला लागले. मग मी तशीच उभी राहिले, लेक्चर संपेपर्यंत. शॉर्ट सर्किट मात्र मला कायमचं समजलं. परीक्षेत आलं तेव्हा पैकीच्या पैकी मिळाले.

मला काय वाटलं? काहीच नाही. खोटं बोलत नाही. रडले नाही, चिडले नाही. घरी गेले, जेवले. आम्ही बौद्ध, सुकापूरला राहायचो. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी. आई एका नर्सिंग होममध्ये आया. तिची ड्युटी संपायची तेव्हा तिचे पाय भरून आलेले असायचे. तिला काय सांगायचं? रेघेच्या पलीकडे उभी होते, एवढंच तर झालं होतं. मार कुणी दिला नव्हता. शिवी कुणी घातली नव्हती.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. सर्टिफिकेट काय माझ्या एकटीकडे होतं? वर्गात अर्धी पोरं ओबीसी. गाववाली, जमीनवाली. त्यांना सर कधी उभं करायचे नाहीत. उभं करायला सरांना आमच्यातलंच कुणीतरी लागायचं. आणि हे दरवर्षी चालायचं. सिनियर पोरं ज्युनियरना सांगायची, इफ-एल्सच्या दिवशी दांडी मारू नका, मजा येते.

डिप्लोमा झाला. नोकरीसाठी महापे, घणसोली, सगळीकडे चपला झिजवल्या. कुठे अनुभव पाहिजे, कुठे डिग्री पाहिजे. मग सरांचाच फोन आला. "लॅबला असिस्टंट हवी आहे. येतेस का?" गेले. का गेलीस म्हणून आज माझ्याकडे शिकणाऱ्या पोरी विचारतात. अगं, घरात दुसरं काय होतं? आणि मला शिकवायला आवडायचं. एखाद्या मुलीचा प्रोग्रॅम चालत नसतो, ती रडकुंडीला येते. आपण शेजारी स्टूल ओढून बसतो, विचारतो, "ही अट तू मराठीत बोलून दाखव बघू." ती बोलते आणि तिची तिलाच चूक सापडते. तेव्हा तिचं तोंड बघायचं. त्या तोंडासाठी मी तिथे टिकले.

मला माझी स्वतःची बॅच हवी होती. सुरुवातीपासून मी शिकवणार, फळा माझा, मुलं माझी. असिस्टंटला सगळे 'ओ दीदी' म्हणायचे. बॅच घेणाऱ्याला मॅडम. हसू येतं आता, पण तेव्हा तेवढं एकच मागणं होतं माझं.

अशात सरांचा एक अंदाज चुकला. इफ-एल्सच्या दिवशी त्यांनी उरणकडच्या एका मुलाला उभं केलं. मुलगा गप्प, कपडे साधे, सरांना वाटलं हा आमच्यातलाच, याच्या मागे कोण येणार. तो निघाला गाववाल्यांतला. संध्याकाळी त्याचा बाप आणि दोन चुलते जिना चढून वर आले.

"आमचे पोराला कशाला उबा केला?" बाप म्हणाला. "आमी फी नाय भरत का?"

सर पटकन उठले. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, सॉरी म्हणाले. मी लॅबच्या दारात उभी राहून बघत होते. सरांच्या तोंडून सॉरी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, चला, बंद झालं आता हे.

बंद कसलं होतंय? पुढच्या वर्षी जूनमध्ये सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"नवीन बॅच तुला देतोय," ते म्हणाले. "पहिला डेमो इफ-एल्सचा घे. पालक पण येतील. आपलं ते अॅडमिशनचं एक्झाम्पल घे, पोरांना पटकन कळतं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू घेतलंस तर कुणाला ऑब्जेक्शन नाही ना," सर म्हणाले. "तू स्वतःच त्यातली."

हे ते अगदी सहज बोलले. पंखा जरा वाढव म्हणावं तसं. मी हो म्हणाले की मान हलवली, आठवत नाही. जिना उतरताना कळत होतं की बॅच मिळाली. बॅच कशाच्या बदल्यात मिळाली तेही कळत होतं. पण राग आला नाही. इतक्या वर्षांत आतलं सगळं बधिर होऊन गेलं होतं.

डेमोच्या दिवशी वर्ग भरला. मागच्या बाकांवर पालक, त्यांच्यात सर. मी फळ्यावर इफ लिहिलं, एल्स लिहिलं. खाली वाकून खडूने रेघ मारली. मग 'किंवा' समजावण्यासाठी दोन उभ्या रेघा काढल्या. अजून मी उदाहरण सांगितलंही नव्हतं. कुणाचं नावही घेतलं नव्हतं.

आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी आपणहून उभी राहिली.

प्रणाली तिचं नाव. उलव्याहून यायची, बाप तिथल्या बांधकामांवर सेंटरिंगचं काम करायचा. ओढणी सारखी केली, बाकातून बाहेर आली आणि रेघेजवळ जाऊन थांबली. मान खाली. सिनियर पोरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, उद्या तुझा नंबर. ती तयारी करून आली होती.

तेव्हा मात्र राग आला. इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे. मला उभी राहा म्हणावं तरी लागलं होतं. हिला तेवढंही लागलं नाही.

"बस खाली," मी म्हणाले.

तिला कळेना. "मॅडम, मी... ते सर्टिफिकेटचं..."

"माहितीये. जागेवर बस."

मागून सरांचा आवाज आला. "अगं, राहू दे की उभी. नुसतं एक्झाम्पल आहे."

"सर, हे उदाहरण मी घेणार नाही."

सर हसले, पालकांकडे बघून. "मग कसं शिकवणार?"

मी पायाने ती रेघ पुसली. मग फळ्याकडे वळले. एसटीत चढायचंय, मी म्हणाले. पास असेल किंवा तिकीट असेल, तर बसायला मिळेल. कंडक्टरने पास बघितला. आता तो तिकीट मागेल का?

"नाही," सगळे म्हणाले.

"जावा पण मागत नाही. पहिली अट खरी, दुसरी बघत नाही. याला शॉर्ट सर्किट म्हणतात. कळलं?"

कळलं. सगळ्यांना कळलं. मागे बसलेल्या एका आईलासुद्धा कळलं, ती मान डोलवत होती. चुटकीसरशी झालं. कुणाला उभं करावं लागलं नाही, कुणी हसलं नाही, पोरं वहीत उतरवून घेत होती.

मी खडू हातात धरून तशीच थांबले. म्हणजे माझी गरज कधीच नव्हती. शॉर्ट सर्किट शिकवण्यासाठी मला उभं केलंच नव्हतं. मला उभं करायचं होतं, म्हणून शॉर्ट सर्किट होतं. आणि माझे सत्त्याऐंशी होते म्हणून मी बोलायला तरी गेले. समजा, चाळीस असते. मग काय? मग बरोबर होतं का ते?

पालक गेल्यावर सर म्हणाले, "लायकी नसताना डोक्यावर बसवलं मी. बॅच विसर. लॅबला पण येऊ नकोस उद्यापासून."

"बरं," मी म्हणाले.

प्रणाली जिन्यात थांबली होती. "मॅडम, माझ्यामुळे झालं ना?"

"नाही. तू फी भरलीयस, तू येत राहा. परत कुणी उभी राहा म्हणालं तर विचार, का? मोठ्याने विचार."

"आणि तुम्ही?"

"मी नाही येणार."

घरी आईला सांगितलं. ती भडकली. "दोन मिनटं उबी रायली असती पोर, तर काय मेली असती? हातातली बॅच घालवलीस!"

"मी उभी राहिले होते आई. त्याच क्लासमध्ये. सगळे हसले होते."

आई माझ्याकडे बघत राहिली. "कवा?"

"शिकत होते तेव्हा."

"बोलली नाय कदी."

"नाही बोलले."

तिने जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. भांडी घासायला मोरीत गेली. बराच वेळ भांडी जोरजोरात आपटत होती.

सरांचा क्लास अजून चालू आहे. त्यांची पाटी मोठी झाली. मला दुसऱ्या कुठल्या क्लासने घेतलं नाही, पनवेल केवढंसं, बातमी फिरते. सुकापूरला चाळीतल्या पुढच्या खोलीत मी शिकवते. दोन जुने कॉम्प्युटर, लाइट गेली की बंद. कधी चार मुली येतात, कधी एकही नाही. लोक म्हणतात, जाऊन माफी माग, मोठा माणूस आहे, घेईल परत.

मागणार नाही. मी कुणाचं उदाहरण होणार नाही. मी ज्या खोलीत शिकवीन तिथे कुणाला होऊ देणार नाही. शिकवायला खोली उरली नाही, तर रस्त्यात उभं राहून हेच सांगेन. आणि सांगताना त्या सरांचं नाव घेऊन सांगेन.