आमची राणी नर निघाली

माझी बायको एकदा एका बदकाला कंटाळून माहेरी निघाली होती, आणि खरं सांगायचं तर चूक बदकाची नव्हती.

तेव्हा दिंद्रुडला आमचं अंगणातलं एसटीडी बूथ नवंकोरं होतं. गावात फोन मोजकेच, त्यामुळे काचेच्या केबिनबाहेर दिवसभर रांग. त्याच दिवसांत माझ्या एका मित्राची परगावी बदली झाली आणि जाताना तो आपली बदकांची जोडी माझ्या अंगणात सोडून गेला. "राजा आन् राणी हायती," एवढंच म्हणाला. मी विश्वास ठेवला. आमचं घर शंकराच्या भक्तांचं, घरात अंडं चालत नाही. त्यामुळे वर्ष उलटलं तरी राणी अंडं देत नाही याचा कुणाला संशय आला नाही. उलट आईला बरंच वाटायचं. "लई गुणाची हाय राणी," ती शेजारणीला सांगायची.

मला राणीचा फार लळा. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तिला मांडीवर घ्यायचो, पाठीवरून हात फिरवायचो, भिजवलेले गहू हातानं भरवायचो. (शोभा, म्हणजे माझी बायको, हे सगळं दारातून बघायची. तिला मी शेवटचा घास भरवला तो लग्नाच्या पंगतीत.)

होळीच्या सुमाराला दोघांचंही तंत्र बिघडलं. राजा केबिनशी भांडायला लागला. काचेत त्याला दुसरं बदक दिसायचं. आत माणूस लेकीची खुशाली विचारतोय आणि बाहेर हा काचेवर टकाटका चोच मारतोय. राणीचं निराळंच. ती मान खालीवर करत माझ्याभोवती फेऱ्या मारायची, माझ्या चपलेवर चढून बसायची, आणि माझ्याजवळ कुणी आलं की त्याची पोटरी धरायची. कुणी म्हणजे मुख्यतः शोभाच, कारण चहा तीच आणायची.

मला वाटलं, राणी आजारी आहे. म्हणून मी तिला जास्त वेळ मांडीवर घ्यायला लागलो.

"अवो, हिला आवरा," शोभा म्हणाली.

"तिची तब्येत बरी न्हाई."

"आदी माझ्या पोटऱ्या बगा, मग तिच्या तब्येतीचं बोला."

चौथ्या दिवशी राणीनं शोभाला चहाच्या कपबशीसकट अंगणभर पळवलं. कप फुटला. शोभानं पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "ह्या घरात एक तर ती ऱ्हाईल, न्हाई तर मी."

इथं माझं चुकलं. मी विचार केला. दोन-तीन क्षणच केला, पण तिनं तो बघितला.

तिनं आमच्याच बूथवरून तलवाड्याला, वडिलांच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे हजर. मी त्यांना मामा म्हणतो. कपाळावर भस्माचे पट्टे, धुवट धोतर, बोलणं कमी. शोभा पिशवी भरून ओट्यावर बसलेलीच होती.

"मामा, बसा की," मी म्हणालो.

"बसतो, जावईबापू. आदी शेजाऱ्याकडं पोराला फोन करतो. ताई येतीय मनून सांगतो."

मामा केबिनमध्ये शिरले, दार लावलं, आणि राजा येऊन दारासमोर उभा राहिला. फोन झाल्यावर मामांनी दार बोटभर उघडलं. राजानं धोतराचं टोक धरलं. मामांनी ते हिसकून घेतलं, दार ओढलं आणि पुन्हा फोन लावला. काचेतून सगळं ऐकू येत होतं.

"आरं, मी आत आडकलोय. न्हाई, तुरुंगात न्हाई. फोनच्या खोलीत. बदक हाय भाईर. जावयाचं."

मी सोडवायला धावलो. माझ्यामागं राणी धावली. मी राजाला धरायला वाकलो तर राणीनं राजाचं मानगूट पकडलं, राजानं माझं धोरण न कळून माझा अंगठा पकडला, आणि आम्ही तिघं केबिनभोवती गरगर फिरायला लागलो. रांगेतलं कुणी हललं नाही. ज्यांना फोन करायचा नव्हता तेही येऊन रांगेत उभे राहिले.

त्या रांगेत बिरुआबा होते. उभा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, आणि त्यांच्या मेव्हण्याकडे धरणाकाठी बदकं. त्यांनी राणीला अलगद उचललं, उलटसुलट बघितलं.

"आण्णा, ही राणी न्हाई. शेपटावर वळल्यालं पीस बगा. मादीला नसतंय. आन् आवाज बगा कसा बसल्याला हाय. मादी असती तर गाव डोक्यावर घेतलं असतं. दोन्ही बी नर हायती."

"मग ह्यो माज्या मागं कावून लागलाय?"

आबांनी एकवार रांगेकडे बघितलं. "तुमी ह्याला मांडीवर घेता का?"

"घेतो."

"पाठ कुरवाळता?"

"हां."

"हातानं भरवता?"

मी मान हलवली.

"मग झालं. ह्यो तुमाला बायको समजतोय. आन् वैनीला सवत."

केबिनमधून मामांचा आवाज आला, "आरं थांब जरा, हितलं ऐकू दी."

शोभानं पदरात तोंड लपवलं होतं, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. म्हणून समजूत घालायला गेलो. ती रडत नव्हती.

आबांनी राजाला बगलेत मारून मामांना बाहेर काढलं आणि उपाय सांगितले. ह्या दिवसांत नराचं डोकं फिरतंच, मेंढ्याचंसुद्धा फिरतं. त्यात त्याचा दोष नाही. दोन नर एका जागी ठेवू नका. काचेला खालून चादर लावा. दिवस मावळायच्या आत खुराड्यात कोंडा, उजेडानं माज वाढतो. गहू कमी करा. एका नराला चार-पाच माद्या द्या. "आन् तुमी," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमी हात लावू नका."

लेकीला न्यायला आलेले मामा राजाला टोपलीत घालून तलवाड्याला घेऊन गेले, शेतातल्या हौदावर सोडायला. शोभानं पिशवी रिकामी केली. आठवड्यानं आबांच्या मेव्हण्याकडून चार माद्या आल्या. त्या आल्या त्या दिवसापासून राणी पार बदलली. (त्याला तो म्हणावं की ती, हे आमच्या घरात शेवटपर्यंत ठरलं नाही.) चावणं बंद, चपलेवर चढणं बंद. पाच जणांचा संसार अंगणात थाटात फिरू लागला.

मला आनंद झाला. निदान मी तसं सगळ्यांना सांगत होतो.

एक दिवस दुपारी आसपास कुणी नाही असं बघून मी मूठभर गहू घेऊन अंगणात बसलो आणि हळूच हाक मारली, "राणे." तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, ओळखीचा माणूस रस्त्यात टाळावा तसं, आणि चौघींना घेऊन भिंतीपलीकडे निघून गेली.

शोभा दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"या, घरात या," ती म्हणाली. "तिनं टाकलं मनून काय झालं? आमी नांदवू."

मी हातातले गहू झटकले आणि मुकाट्यानं आत नांदायला गेलो.