शतावरीचा पहिला कप

मुलांनो, साऱ्या वाशिम जिल्ह्यात तुमच्या मेडशीच्या आत्याआजीइतका संशयी माणूस झाला नसेल. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नसलेली. पण गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी तीच करून देई. मुळ्या स्वतः खणायच्या, निम्म्या वेलीला ठेवायच्या, उकळून साल काढायची, आतली दोरीसारखी शीर ओढून टाकायची, सावलीत वाळवून कुटायच्या. बाजारच्या पुडीचा तिला इतका राग, की मी आणलेली पुडी तिने चिमट्यात धरून उकिरड्यावर नेली. "यात काय दळलं, हे त्या दुकानदाराले तरी ठाऊक आहे का?"

रानात शतावरीशेजारी विषारी कळलावीही उगवते. सोलून वाळवल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, असं ती म्हणे. म्हणून दुधात शिजवलेला पहिला कप ती स्वतः पिऊन तीन तास घड्याळासमोर बसे. शेजारणी हसत, "आत्याबाईची चाळीस बाळंतपणं झाली!" तीही पोटावर हात फिरवून म्हणे, "अन् अंगावर दिसून राह्यली, पाहा!"

अनू, तुझ्या जन्माच्या वेळी तिचे गुडघे गेले होते. मुळ्या एका मजूर बाईने आणल्या, त्याही सोललेल्या. तू पाच दिवसांची. आईला दूध पुरत नव्हतं, डब्याचं तुला पचत नव्हतं. आत्याआजीने कप रिकामा केला आणि बसली. तू रडत होतीस, तुझी आईही. अर्ध्या तासात माझा संयम संपला. "अगं, डॉक्टर हो म्हणालेत! लेकरू उपाशी आहे."

"उपाशी लेकरू रडते, वयनी. बिनमायचं लेकरू कोन उगी करन?"

तासाभराने तिच्या कपाळावर घाम आला. मी फोनकडे धावले, तर तिने पदर धरला. "उन्हाचा आहे. बसा."

"आणि तुलाच काही झालं म्हणजे?"

"माह्यामागं रडनारं कोनी नाई. म्हनून पयला कप माहा."

मी बसले. तीन तास भरल्यावर ती म्हणाली, "द्या आता." आठवडाभरात तू पोटभर पिऊ लागलीस, गुण शतावरीचा की डॉक्टरांचा, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मात्र उरलेल्या, अजून कुणी न चाखलेल्या मुळ्या शिजल्या, तेव्हा तिच्याआधी मी कप उचलला.

"वयनी, ठेवा खाली! तुमच्यामागं लेकरं आहेत!"

मी पिऊन टाकला. ती खूप भांडली. मग माझ्यासमोर येऊन बसली, मनगट हातात धरून, आणि तीन तास तिने माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.