एरियलवरचं जाळं

आधीच सांगतो, देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की माझं डोकं फिरतं. मी मास्तर होतो. ‘कारणाशिवाय काही घडत नाही’ हेच मुलांना शिकवलं. हे वाचून मास्तर म्हातारपणी बिघडला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा...

साठीचं दशक. शिरोड्याजवळ समुद्राला लागून आमची वाडी, वीज आलेली नव्हती. शाळेच्या पडवीत गावाचा रेडिओ — बॅटरीवरचा, व्हॉल्व्हचा. त्याची एरियलची तार दोन माडांमध्ये ताणलेली. सेट माझ्या ताब्यात. दुपारी मच्छीमारांसाठी हवामान सांगायचे, ते ऐकल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही असा वाडीचा नेम.

आणि नेमका तेव्हाच सेट मुका व्हायचा! सकाळची भजनं बिनबोभाट, दुपारी हा गप्प. लोक वर थापट्या मारायचे. मी ओरडायचो, “अरे, म्हैस आहे का ती?”

दिवाळीच्या आधीची गोष्ट. “मच्छीमारांसाठी—” एवढं बोलून सेट थांबला. बाकीचे वैतागून घरी गेले. राहिला फक्त दत्ताराम, माझ्या धाकट्या बहिणीचा, सुलूचा नवरा. स्वतःची लहान होडी घेऊन एकटाच जायचा.

मी बॅटरीची टोकं खरवडली. व्हॉल्व्ह काढून, पुसून पुन्हा बसवले. काही नाही. शेवटी तारेच्या मागोमाग माडापाशी गेलो, तर एरियलवर ओलं जाळं वाळत घातलेलं! ओझ्याने जॉइंट सैल झालेला, खाऱ्या पाण्याने हिरवागार.

“कोणाचं हे?”

“माजा,” दत्ताराम म्हणाला. “तार बरी ताणलेली आसा म्हणान रोज दुपारी घालतंय, मास्तरानू.”

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या तारेवरून ह्याच्या जिवाचा इशारा यायचा, तिच्यावरच हा जाळं घालतो! नको नको ते बोललो. जाळं खाली ओढलं, तार तोडून घेतली. पडवीत येऊन बॅटरी सोडवली, सगळे व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रावर मांडले आणि तारेचं टोक खरवडत बसलो.

आणि सेट बोलला.

निवेदकाचाच आवाज, स्वच्छ. “वादळी वारे सुटण्याचा संभव आहे. होड्या समुद्रात नेऊ नयेत.” दोनदा. मग गप्प.

मी सेटच्या मागे पाहिलं, पडवीबाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. दत्ताराम पांढराफटक पडला होता.

“मास्तरानू, आयकलास? मगे जाव काय नको? तुमीच सांगा.”

मी काय सांगायला हवं होतं? पण जाळ्याचा राग डोक्यात होता, आणि त्यावर सेटचा हा चावटपणा... “बॅटरी नाही, तार नाही, तो बोलेल कसा? भास झाला दोघांना! समुद्र बघ, कसा शांत आहे. जा तू! आणि हे जाळं पुन्हा माझ्या तारेवर दिसलं तर फाडून टाकीन.”

“तुमी म्हणतास तर जातंय.” जाळं खांद्यावर टाकून तो गेला.

दिवस मावळायच्या आत वारा सुटला. बाकीच्या होड्या काठावरच होत्या, रेडिओ बोलला नाही म्हणून कोणी गेलंच नव्हतं. दत्ताराम आला नाही. त्याची होडीही मिळाली नाही.

पुढे कळलं, शेजारच्या गावातल्या रेडिओवर तो इशारा आला होता. तेच शब्द, दोनदा — पण आमच्यापेक्षा अर्धा तास आधी. वेंगुर्ल्याच्या मेकॅनिकला विचारलं, चार शहाण्यांना विचारलं. सगळे म्हणतात, व्हॉल्व्ह काढलेला सेट बोलणं शक्य नाही. ते मलाही ठाऊक आहे हो! तेच तर मी त्याला सांगितलं! आणि भास म्हणणाऱ्यांनो, दोघांना एकच भास, शब्दाला शब्द?

सगळं सुलूच्या कानावर गेलं; वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा दारात येऊन उभी राहिली. सेट कसा बोलला, हे तिने विचारलंच नाही.

“दादा, तू आयकललंस मां?”

“ऐकलं गो.”

“मगे?”

तो आवाज कुठून आला, मला आजही माहीत नाही. पण तिच्या त्या “मगे?”चं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मी तिला कधी दिलं नाही.