तायवोची अर्धी पहिली

एकोणीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला की वाटायला लागतं, आपल्याला चकित करेल असं मूल अजून जन्माला यायचंय. ते सहा वर्षांपूर्वीच जन्मलं होतं आणि आमच्या शाळेपासून चार घरांवर राहत होतं.

त्या साली पहिलीत एकच जागा उरली होती, आणि अबेनीआजी दोन जुळ्या नाती घेऊन दारात उभ्या. हेडमास्तर ओयेलारान सर आकड्यांचे पक्के. चाळीस म्हणजे चाळीस. एक आत्ता, दुसरी पुढच्या वर्षी. कुठली आधी, यावर आम्हा योरुबा लोकांत वाद होत नाही. जुळ्यांतली आधी जन्मते ती तायवो, पण मोठी मानायची ती मागून येणारी केहिंदे. तिनंच धाकटीला पुढं धाडलेलं असतं, जग कसं आहे ते बघून ये म्हणून. धाकटी रडून कळवते, ये, बरं आहे. तेव्हा आधी तायवोच.

पहिल्या दिवशी तायवो अशी रडली की कुंपणापाशी चरणाऱ्या शेळ्या पांगल्या. मी घाबरले, पण खिडकीबाहेर अबेनीआजींचा चेहरा फुलला होता. "रडली बघा बाई. आता केहिंदेला कळलं, जागा चांगली आहे." मी हसले. त्या हसण्याची आठवण आली की मला अजून घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी पोर कोरड्या डोळ्यांनी आली, दारात गुडघे टेकून रीतसर नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. एका रात्रीत एवढा फरक! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढं मात्र काही जमेना. सोमवारी ती पाटी उजव्या हातानं द्यायची, मंगळवारी डाव्या. मोठ्या माणसाला डाव्या हातानं वस्तू देणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. मी चांगली खडसावली. बुधवारी पाटी उजव्या हातानं आली. चहाच्या सुट्टीत मी बाकीच्या शिक्षकांना सांगितलं, मुलाला वळण असं लावतात. गुरुवारी पाटी पुन्हा डाव्या हातात.

अभ्यासाचंही तेच. सोमवारी आणि बुधवारी आमचं वाचन, मंगळवारी आणि गुरुवारी गणित. शुक्रवारी गाणी आणि झाडलोट. वाचनाच्या दिवशी ही पोर सगळ्यांच्या पुढं. गणिताच्या दिवशीही सगळ्यांच्या पुढं. पण गणिताच्या तासाला फळ्यावरचा शब्द वाच म्हटलं, तर अक्षरांकडं मुंग्यांची रांग बघावी तशी बघत राहायची. आणि वाचनाच्या तासाला सातातून तीन गेले तर किती म्हणून विचारलं, तर माझ्याकडंच कीव आल्यासारखी बघायची. मी तिचे डोळे तपासून आणले. कान तपासून आणले. शेवटी अबेनीआजींना गाठलं, तर त्या म्हणाल्या, "दोन्ही येतं हो. घरात सगळं आहे."

मला काळजी होती ती वर्षअखेरच्या परीक्षेची. पहिलीत परीक्षा एकच, आणि वाचन व गणित दोन्ही आलं तरच दुसरी. नाहीतर पुन्हा पहिली. एवढी हुशार पोर, आणि मी तिला मागं ठेवणार!

दरवर्षी परीक्षा बुधवारी आणि गुरुवारी असते. त्या वर्षी बुधवारी शाळेच्या मैदानात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव होता, म्हणून सरांनी दोन्ही विषय गुरुवारीच उरकायचं ठरवलं.

सर चष्मा शोधेपर्यंत तायवोनं दहाच्या दहा गणितं सोडवली. मग सरांनी पुस्तक पुढं केलं. ती गप्प. पान उलटून दिलं, तरी गप्प. सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, "सर, सोमवारी हिनं माझ्यासमोर अख्खं पान वाचलंय."

"सोमवारचं वाचन गुरुवारपर्यंत सांडतं का कुठं, बाई?"

तायवो आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मोठी माणसं एवढी साधी गोष्ट का अडवून धरतात, हे तिला समजत नसावं.

"सर, वाचायचं केहिंदेकडं आहे," ती म्हणाली. "बोलावून आणू?"

उत्तराची वाट न बघता ती पळाली. आम्ही दोघं बसलो होतो तसेच बसून राहिलो. सरांचं पेन उघडंच, कागदावर लाल डाग पसरत चाललेला. थोड्या वेळानं दारात दोन तायवो उभ्या राहिल्या. एक गणवेशात, दुसरीच्या कमरेला आईच्या लुगड्याचा तुकडा आणि हाताला अकाराची भजी तळायला वाटलेल्या चवळीचं पीठ. दुसरीनं हात पुसले, गुडघे टेकले, पुस्तक घेतलं आणि पान घडाघडा वाचून काढलं. न सांगता पुढचंही वाचायला लागली.

दहा महिने मी दोन मुली शिकवल्या होत्या आणि एकीची हजेरी लावली होती.

मागोमाग अबेनीआजी आल्या. चोरी पकडली गेल्याची खूण चेहऱ्यावर शोधून सापडत नव्हती. "जुळ्यांतल्या एकीला झगा शिवला तर दुसरीला उघडी ठेवू? एकीच्या ताटात मासा वाढला तर दुसरीला काटे देऊ? मग शाळाच तेवढी एकीला कशी द्यायची? तुम्ही जागा एक दिलीत, आम्ही वाटून घेतली. कधी भांडायला आलो का तुमच्याशी?"

सर नियमावर गेले. दोघी अर्ध्या अर्ध्या शिकल्या, तेव्हा दोघी पुन्हा पहिलीत. केहिंदेनं पुस्तक मिटलं नाही.

"मग मलाही नापास करा," मी म्हणाले. "दहा महिने मी पाटीच बघितली, तोंड बघितलं नाही."

"तुम्ही एकोणीस वर्षं पहिलीतच आहात, बाई. तुम्हाला आणखी किती मागं ठेवू?" पण त्यांनी पेनाला टोपण लावलं. सुट्टीचे सहा आठवडे दिले. शाळा उघडताना दोघींची परीक्षा, वेगवेगळी.

मी शिकवायला त्यांच्या घरी गेले, तर अंगणात शाळा आधीच भरली होती. तायवो केहिंदेपुढं चवळीचे दाणे मांडत होती, आणि केहिंदे अक्षर चुकलं की तायवोचा कान ओढत होती. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी आपली एका बाजूला बसून कोण कुठली ते ओळखायला शिकले. तायवोच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. वर्षभर तो माझ्यासमोर बसला होता.

परीक्षेला सरांनी दोघींना दोन खोल्यांत बसवलं, आणि अदलाबदल नको म्हणून तायवोच्या मनगटाला स्वतःचा रुमाल बांधला. केहिंदेची दहातली नऊ गणितं बरोबर आली. मग तायवोपुढं पुस्तक ठेवलं. तीन ओळी नीट गेल्या. चौथीत ती थांबली. मला बघवेना, मी खिडकीकडं तोंड केलं. सरांची खुर्ची करकरली.

मग मागून तायवोचा आवाज आला, हळू, एकेका अक्षरावर बोट टेकत. ओढ्यातल्या दगडांवरून माणूस पाय जपत जातं तसा तो पुढं सरकत राहिला आणि पान संपल्यावरच थांबला.

सरांनी दुसरीत जाणाऱ्या दोघींची प्रगतिपुस्तकं मागितली. मी सवयीनं एकच आणलं होतं. तशीच पळत दुसरं आणायला गेले.