ताटाच्या कडेचे काटे

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेताई म्हणत. किनाऱ्यावर उकरलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या उकिरड्याची माती चाळायची, माशांची हाडं चिमट्याने वेचायची आणि आजच्या हाडांशी ताडून कुठला मासा, केवढा, ते ठरवायचं, ही तिची नोकरी. संध्याकाळपर्यंत मान धरायची, आणि हाताचा वास तर कुठल्याच साबणाला दाद देत नसे.

ताडायला आजची हाडं हवीत, म्हणून घरात तिचा नियम होता: जेवताना काटे ताटाच्या कडेला ठेवायचे. धाकटा भाऊ निमूट ठेवायचा. बाबा, म्हणजे जन्मभर होडी आणि आता खाटेवरून घर चालवणारे गृहस्थ, मुद्दाम कडाकडा चावून खायचे.

होडी आता भावाकडे होती. दिवसभर राबून तो तळहाताएवढे मासे आणायचा, आणि बाबा रोज ऐकवायचे, की आमच्या वेळी मासे दुप्पट असायचे, कारण आम्ही झोपाळू नव्हतो. शेवटी भावाने होडीला गिऱ्हाईक पाहिलं. बहिणीला म्हणाला, "ताई, होडी जाण्याचं एवढं काही नाही गं. बाबांचं म्हणणं मलाच खरं वाटायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना सांगून दोन डब्या घरी घेऊन आली. एकीत उकिरड्याच्या तळाचा, सगळ्यात जुन्या थरातला माशाचा मणका होता, लिंबाएवढा. दुसरीत त्याच जातीच्या माशाचा, पण वरच्या थरातला, शर्टाच्या बटणाएवढा. दमल्या आवाजात तिने बाबांना सांगितलं, की तळाशी खाडीतल्या गवतात राहणारे मासेही ढिगाने सापडतात. मग खाडी गाळाने भरली, गवत गेलं, ते मासेही गेले. उरलेल्यांतले मोठे मासे माणसांनी खाल्ले, लहानच राहिले. आणि हा वरचा थरसुद्धा बाबांच्या पणजोबांच्या कितीतरी आधीचा.

बाबांनी मोठा मणका बराच वेळ तळहातावर फिरवला.

"एवढा मी कधी पाहिलाच नाही," ते म्हणाले. मग मणका डबीत ठेवत, "माझा बाप मला आळशी म्हणायचा."

"त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल, बाबा."

जेवताना कडाकडा आवाज आला नाही. बाबांनी भावाला एवढंच सांगितलं, की विकायची तर वीक, पण रंग लावून वीक, चांगली चालवलीस. आणि आपलं ताट लेकीकडे सरकवलं. कडेला काटे ओळीने मांडलेले होते.

काटेताईने ते उचललं. आता तीन ताटांचे काटे धुवायचे होते, आणि मान दुपारपासूनच धरली होती.