समुद्राकडची बाजू

सौदीत जुबैलला मी फॅब्रिकेटर होतो, लोखंडी कामं करणारा. आमच्या कफीलाचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही होतो त्या अरब मालकाचं, शहराबाहेर खजुराचं शेत होतं आणि तिथे, हौस म्हणून, पिंजऱ्यात एक काळं अस्वल. उन्हाळ्याच्या तोंडावर हुकूम आला, पिंजऱ्यावर छप्पर टाक, यल्ला, लवकर.

अस्वल सांभाळायला श्रीवर्धनकडचे एक चाचा होते. गावाकडची झिपरी, वारुळं उकरणारी अस्वलं मला ठाऊक होती. हे निराळं होतं. कान गोल, छातीवर पांढरी चंद्रकोर.

"हिमालयातलं आहे, बाबा," चाचा म्हणाले. "थंडीत ढोलीत झोपणारं, फळांसाठी झाडावर चढणारं. इथे काय चढेल, माझ्या डोक्यावर?"

पिंजऱ्याला दोन बाजूंना भिंती, पुढे पत्र्याचं दार आणि मागे समुद्राकडे गज. अस्वल दिवसभर त्या गजांपाशी दोन पायांवर उभं राहून नाक वर करून वारा हुंगायचं. त्याचं सगळं जगणं नाकावर, असं चाचा सांगायचे.

छप्पर झालं. थोडे पत्रे उरले. समुद्राकडून सारखी रेती उडून अस्वलाच्या डोळ्यांत जात होती. आमच्याकडे पावसाळ्याआधी वाऱ्याची बाजू माडाच्या झावळ्यांची झापं बांधून बंद करतात. हाताला तीच सवय! कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी ती बाजू पत्र्यानं बंद करायला घेतली.

"अरे, पण वारा?" चाचांनी विचारलं.

"वारा कसला, नुसती धूळ. तुम्ही गप्प बसा हो," मी खेकसलो, आणि वेल्डिंगचे टाके मारून मोकळा झालो.

मंगळवारी चाचांचा फोन आला. "खात नाही रे. नुसतं धापा टाकतंय. आत भट्टी झालीय. पाईपनं पाणी मारतोय, पण वारा नाही. ती बाजू काप, मरेल ते."

"मला ड्यूटी नाही का? शुक्रवारी येतो," मी म्हणालो. खरं तर एका संध्याकाळचं काम होतं. आपलं काम चुकलं हे ऐकायची तयारी नव्हती, दुसरं काय!

शुक्रवारी ग्राइंडर घेऊन गेलो. खलास झालं होतं. खालच्या कोपऱ्यात पत्रा आणि गजामध्ये चार बोटांची फट होती. तिथे नाक खुपसून ते पडलं होतं. नाकावरची कातडी सोलून निघाली होती.

चाचा मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. म्हणाले, "तेवढी फट ठेवलीस, बरं केलंस बाबा."

मी कुठली ठेवली! वाकायचा कंटाळा आला, म्हणून तिथला टाका राहिला होता.